मामांच्या रायफलीला तिसरा पाय

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (खरोखरचा घालायला कंबर तयार नाही, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घ्यावा.) तुमची तब्येत कशी आहे? मामींचा गुडघा कसा आहे? आणि हातांचं कसं काय? चहाचा कप अजून अर्धाच भरून मागता का? इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. दुकान बरं चाललंय. तुमची रायफलही सुखरूप आहे, जवळजवळ. हा शब्द वाचून तुम्ही चष्मा काढून पुसाल आणि पुन्हा वाचाल हे मला इथे बसून दिसतंय. मामा, आधी बसून घ्या. मामींना जवळ बसवा. कुणाच्या जिवाला काही झालेलं नाही.

रविवारी आपल्या नेमबाजी क्लबची वार्षिक स्पर्धा आहे आणि तुम्ही नेहमीप्रमाणे येऊन मागच्या खुर्चीवर बसणार, या विचाराने आठ दिवस मी गिऱ्हाइकांची मापं चुकवतोय. कारण तुम्ही रायफल बघणार. दोन वर्षांपूर्वी 'डोळा आहे, पण हात गेला' असं म्हणून तुम्ही ती माझ्या हवाली केलीत. तिचा अक्रोडाचा दस्ता तुम्ही स्वतः तासलेला, महिनाभर तेल पाजलेला. मी त्यावर बोटाचा ठसा उमटला तरी धोतराच्या मलमलीने पुसतो. आणि अशा दस्त्याला मी भोक पाडलंय. एक नाही, दोन. लिहून टाकलं एकदाचं. आता रागवायचं तेवढं रागवा, पण पुढचं वाचा.

झालं असं की टेबलाशी बसून नेम धरायच्या प्रकारात पुढून दोन पायांचा टेकू असतो, तो आपल्याकडे आहेच. पण मागचा दस्ता खांद्यावर आणि डाव्या मुठीवर. आणि माझी मूठ कशी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. (गिऱ्हाईकाचं माप घेताना 'पोट आत घेऊ नका' एवढं सांगायलाही मला घाम फुटतो.) दस्त्याच्या बुडाला लावायला एक मोनोपॉड मिळतो, म्हणजे एका पायाचा टेकू. त्याला आटे असतात. फिरवला की दस्ता केसभर वर, उलटा फिरवला की केसभर खाली. मूठ काढून घेतली तरी रायफल जागच्या जागी. मी तो मागवला. सेक्रेटरींनी नळी क्लबच्या लोखंडी कपाटातून हलू दिली नाही, ते योग्यच आहे, पण नुसता लाकडी दस्ता घरी न्यायला परवानगी दिली. तो कापडात गुंडाळून आणताना रस्त्यात तीन जणांनी विचारलं, बाळाचं नाव काय ठेवलं.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. मी खडूने खूण केली, तीनदा मापली, आणि भोक खुणेपासून अर्धा इंच अलीकडे पाडलं. सवयीने. मामा, पंचवीस वर्षं शिवणकाम करतोय. कुठल्याही कापडात हात आपोआप माया सोडतो, गिऱ्हाईक सुटलं तर पुढे उसवून वाढवता यावं म्हणून. ड्रिल काढल्यावर लक्षात आलं की लाकूड उसवता येत नाही. मी स्टुलावर बसून राहिलो. तुमची भाचेसून पाणी घेऊन आली, तिने भोक बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पाणी स्वतःच पिऊन टाकलं. मग दुसरं भोक खुणेवर पाडलं, ते बरोबर बसलं. पहिलं उघडं ठेवायला मन होईना, म्हणून त्यावर तपकिरी कोटाचं चार भोकांचं बटण चिकटवलं. रंग अगदी लाकडाचा आहे. लांबून दिसत नाही. (जवळून दिसतं.)

चार दिवस जेवणाच्या टेबलावर सराव केला. नळी नाही, गोळी नाही, नुसता दस्ता आणि त्याखाली एक पाय. मी डोळा लावून बसायचो आणि मुलगी समोर ताट ठेवून म्हणायची, 'बाबा, आमटीवर नेम धरलाय का?' दस्ता इतका शांत राहायचा की मला स्वतःचा अभिमान वाटायला लागला, आणि मला अभिमान वाटला की काहीतरी वाईट होतं हा आजवरचा अनुभव आहे. मोनोपॉडला एक कडं असतं. उंची जमली की ते घट्ट आवळायचं असतं. घरी नुसत्या दस्त्याला धक्का कुठला बसणार, त्यामुळे ते आवळायला हवं हे माझ्या ध्यानातच आलं नाही. क्लबमध्ये नळी बसवली, एकदा नेम लावला आणि पुन्हा तपासला नाही. पाय आहे ना, मग तपासायचं कशाला? शिवाय चाप ओढताना माझे डोळे मिटतात, हे आपल्या दोघांतच असू द्या. प्रत्येक गोळीच्या धक्क्याने पाय केसभर खाली उतरत गेला, दस्ता बुडत गेला आणि नळीचं तोंड वर चढत गेलं. पहिली गोळी मध्याच्या खाली, दुसरी तिच्या वर, तिसरी त्याहून वर, अशी सरळ शिडीच. शेवटची कागद सोडून वरच्या फळीत. शेजारच्या टेबलाशी नेम धरणारे दातांचे डॉक्टर म्हणाले, 'अजून दोन मारल्या असत्यात तर गच्चीवर पोचला असता.'

त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन कडं आवळलं, पायाखाली जुन्या कोटाच्या अस्तराचा तुकडा ठेवला, दर गोळीला पुन्हा नेम पाहिला आणि पाच गोळ्या मारल्या. हात थरथरत होता, नेहमीसारखाच. रायफल थरथरली नाही. पाचही भोकं एका शर्टाच्या बटणाखाली झाकली गेली. मी खरोखर बटण ठेवून बघितलं. मग दारं लावून घेऊन थोडा वेळ रडलो. कशासाठी ते खाली लिहितो, इथे लिहायचा धीर होत नाही.

मामींना नमस्कार. राग पोस्टाने कळवावा, फोनवर माझी छाती धडधडते.

तुमचा,
भाचा

ता. क. स्पर्धेच्या फॉर्मवर माझं नाव नाही. तुमचं आहे. माझ्यासारख्या घाबरटाच्या हाताखाली जी रायफल हलत नाही, ती तुमच्या हाताखाली हलणार नाही. रडलो ते हे कळलं म्हणून. तुमचा डोळा तर गेलेला नाही ना? एक तास आधी या. कडं मी आवळून ठेवतो.

ता. क. २. फॉर्मवर 'शारीरिक अडचण व त्यावरील उपाय' असा रकाना होता. मी लिहिलं, 'हात थरथरतो. पाय बसवला आहे.' सेक्रेटरींचा गैरसमज झालाय. रविवारी ते तुमच्या पायांकडे बघतील, आणि दारात चाकाची खुर्ची असेल. मनावर घेऊ नका.

ता. क. ३. यावंसं वाटलं नाही तर तुम्ही भोकांवरून रागावलात असंच मी सगळ्यांना सांगेन. फॉर्म सोडला तर हाताबद्दल माझ्या तोंडून आणखी कुणाला एक शब्द कळणार नाही. पण मग ते बटण उसवायला तरी या, मामा. ते तुमच्याशिवाय कुणाला नीट निघायचं नाही.