योकान रंगाचं लोखंड

कुमामोतो, ४ ऑक्टोबर १९६२

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दादा, बाबांचं काही खरं नाही. आपली पारखीची बैठक तुला ठाऊकच आहे. तलवारीच्या मुठीपुढची त्सुबा, तीही बिनसहीची, हातोहात फिरते, जो तो चिठ्ठीवर कारागिराचं घराणं आणि वय लिहितो, फार तर तीनदा, आणि परीक्षक 'लागलं' किंवा 'नाही' म्हणतो. गेल्या वेळी तोमोनारीकाकांनी कामियोशी घराणं बरोबर लिहिलं, तर परीक्षक म्हणून बसलेल्या बाबांनी ठणकावून 'नाही' सांगितलं. त्या लोखंडी चकतीचं वय त्यांनी दोनशे वर्षांनी चुकवलं, आणि कुणाची बोलायची छाती झाली नाही.

काल काका आले. मोहरी भरलेली कमळकाकडी बशीभर संपवली, तेव्हा कुठे गाडी मुद्द्यावर आली. म्हणाले, या वेळी त्सुबा मी आणतो, परीक्षक मिसाओला बसवू. बाबा लगेच म्हणाले, बसू दे की, मी चिठ्ठी टाकीन. त्यांची चिठ्ठी चुकली तर मी काय करू?

तुझा लोभ आहे तसाच राहू दे.
मिसाओ

ओसाका, ९ ऑक्टोबर

चि. मिसाओस अनेक आशीर्वाद.

परीक्षकबाई, एवढं काय घाबरायचं? बाबा काय लिहितील त्याला बेलाशक 'लागलं' म्हण. चार म्हातारे काही फासावर देत नाहीत. त्यांचं मन मोडलंस तर माझ्याशी गाठ आहे!

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा केन्झाबुरो

कुमामोतो, १५ ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. न.

तुझं ऐकायचं ठरवूनच बसले होते. त्सुबा कामियोशींचीच होती, शंभरेक वर्षांची, हे काकांनी मला आधीच सांगितलं होतं. रंग मात्र जुन्यासारखा, योकान मिठाईच्या वडीसारखा गडद. बाबांनी लिहिलं, हायाशी घराणं, तीनशे वर्षं. शेजारीच दुसऱ्या एकाची बरोबर चिठ्ठी होती. दोन्हींना 'लागलं' कसं म्हणू? मी 'नाही' म्हटलं. दुसऱ्या चिठ्ठीत बाबांनी निशिगाकी लिहिलं. मी पुन्हा 'नाही' म्हटलं. मग ते त्सुबा घेऊन खिडकीपाशी गेले, नक्षीच्या आतल्या, अजून न झिजलेल्या कडांवरून बोट फिरवत राहिले. तिसरी आणि शेवटची चिठ्ठी बरोबर आली. मी 'लागलं' म्हटलं.

वाटेत हसत म्हणाले, पहिल्या दोन मुद्दाम चुकवल्या गं, बापाला 'नाही' म्हणतेस का ते बघत होतो. मीही हसले. माझा विश्वास बसला नव्हता, दादा, पण हसले.

घरी आल्यावर बाबांनी चहा घेतला. मग म्हणाले, यापुढे चुकलो की असंच तोंडावर सांगायचं. मी 'मुद्दाम केलं' असं म्हणून हसलो, तरी सांगायचं.

तू लवकर ये. माया आहेच, पण आता पत्रावर भागत नाही.
मिसाओ