रिकामी स्ट्रिप

हिमायतनगर, हैदराबाद
९ जुलै २०२३

ती. स्व. आत्याबाईंना तेजश्रीचा शि. सा. न.

वि. वि. तुम्ही भालकीला सुखरूप पोचल्याचं मामंजींनी ओमकारला फोनवर सांगितलं. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि कानातलं यंत्र शिट्टी वाजवतं म्हणून तुम्ही ते डब्यात टाकलंय. तेव्हा सुनेला मराठी लिहिणं आलंच. माझी सगळी शाळा इंग्रजीत झाली, अक्षराला हसू नका. हसलात तर निदान मामंजींना दाखवू नका.

आता खरं सांगते. निघायच्या सकाळी तुम्ही चहाच्या डब्यामागची पिवळ्या गोळ्यांची स्ट्रिप उचलून देवघरात ठेवलीत. म्हणालात, बाळाची चाहूलसुद्धा नाही आणि त्याचं औषध आधीच घरात कशाला? आपल्याकडे तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरेपर्यंत बाळाचं टोपडंही येत नाही. मी मान हलवली. तुम्हाला गाडीत बसवून घरी आले आणि देवापुढची स्ट्रिप परत काढली. रोज एक गोळी घेते आहे. फॉलिक ॲसिड म्हणतात तिला. डॉक्टर सांगतात, दिवस जायच्या आधीपासून, निदान तीन महिने तरी, ती चालू हवी.

तुमच्यामागे चोरी करणं मला पचत नाही, म्हणून कळवलं. रागवायचं तर पत्रातच रागवा, अबोला नको. लोभाला धक्का लागू देऊ नका.

तुमची सून,
तेजश्री


भालकी
१८ जुलै २०२३

चि. सौ. तेजश्रीस चतुराबाईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर मामंजींना दाखवलं. ते हसले, मी नाही हसले.

तुझा राग आला होता, खोटं कशाला सांगू? दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मनात भलतंच आलं आणि तेव्हापासून घास उतरत नाही. दोन वर्षांपूर्वी तुला दिवस गेले तेव्हा मी तुमच्याकडेच होते. डॉक्टरांनी अशाच गोळ्या दिल्या होत्या. मीच त्या देवघरात ठेवल्या आणि म्हटलं, चोरओटी झाली की सुरू कर. महिनाभर त्या देवापुढे पडून राहिल्या. मग पाचव्या महिन्यात सोनोग्राफीत बाळाच्या पाठीचा कणा उघडा दिसला, आणि आपण त्याला घरी आणू शकलो नाही.

ते माझ्यामुळे झालं का? एवढंच लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. तू खोटं बोलताना फार गोड बोलतेस, मला लगेच कळतं.

लोभ आहे म्हणूनच विचारते आहे.

तुझी सासू,
चतुराबाई


हिमायतनगर, हैदराबाद
२६ जुलै २०२३

ती. स्व. आत्याबाईंना शि. सा. न.

वि. वि. तुमचं पत्र वाचून ऑफिसला दांडी मारली. हाच प्रश्न मी डॉक्टरांना मागेच विचारला होता, पण तुमच्यासाठी नव्हे. मलाच वाटत होतं की माझ्यामुळे झालं.

एखाद्या बाळाच्या बाबतीत असं का झालं, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, असं त्या म्हणाल्या. पण बाळाचा कणा पहिल्या चार आठवड्यांतच मिटतो. तेव्हा बाईला पाळी चुकल्याचीसुद्धा धड खात्री नसते. मला गोळ्या लिहून दिल्या तेव्हा दुसरा महिना संपत आला होता. त्या दिवशीच सुरू केल्या असत्या, तरी कण्यासाठी उशीर झालेलाच होता. गोळ्या देवघरात ठेवणं चुकलंच, आणि तुमचं ऐकणं ही माझी चूक. बघा, गोड बोलत नाही. पण बाळाचं जे झालं ते त्या एका महिन्यामुळे नव्हे.

मला खंत वेगळीच वाटते. लग्नात अकरा जणींनी माझी ओटी भरली. नारळ, खण, तांदूळ, हळकुंड, सगळं दिलं. या गोळीबद्दल एकीनंही तोंड उघडलं नाही, कारण एकीलाही माहीत नव्हतं.

एकदा असं झालं म्हणून मला मोठी मात्रा दिली आहे. बाकीच्यांना लहान पुरते. गोळी म्हणजे वचन नव्हे, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण धोका पुष्कळ कमी होतो. सोबत संपलेली स्ट्रिप पाठवते. चोरी उघड झालीच आहे, तर मुद्देमालही घ्या.

पोटभर जेवा, म्हणजे लोभ पोचला असं मी समजेन.

तुमची,
तेजश्री


भालकी
१४ डिसेंबर २०२३

चि. सौ. तेजश्रीस अनेक उत्तम आशीर्वाद.

गोड बातमी कळली. मामंजींनी पाटीवर लिहून दाखवली, आणि मी पाटी पुसूच देईना.

तुझं जुलैतलं पत्र मी देवघरात बसून वाचलं होतं. किती रडले ते लिहीत नाही. तेव्हापासून तू पाठवतेस ती प्रत्येक रिकामी स्ट्रिप देवाच्या फोटोमागे ठेवते. मामंजी विचारतात, हा कुठला नवा नैवेद्य? मी म्हणते, यंदा सुनेनं खायचा आणि देवानं उष्टं ठेवून घ्यायचं.

चोरओटीला जानेवारीत येते आहे. ती मी भरणारच, त्यात तुझ्या डॉक्टरांचं काही चालणार नाही. पण आता तिची वाट बघत कुणी थांबलेलं नाही, याचं समाधान आहे. पाचव्या महिन्याची मात्र धास्ती वाटते. तुझ्याही मनात तेच असणार. सोनोग्राफीच्या दिवशी मी उपास करीन. तू करायचा नाहीस.

लोभ वाढतोच आहे, सांगायला नको.

तुझी सासू,
चतुराबाई


हिमायतनगर, हैदराबाद
२ मार्च २०२४

ती. स्व. आत्याबाईंना शि. सा. न.

वि. वि. आधी उपास सोडा. ओमकारनं काल मामंजींना फोन केलाच, पण पत्र येईपर्यंत तुमचा विश्वास बसायचा नाही.

कणा पूर्ण आहे, आत्याबाई! मानेपासून खालपर्यंत, एकेक मणी. डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवून बोटानं दाखवला. मी मोजायला लागले आणि अर्ध्यावर डोळे भरून आले. ओमकार तर भिंतीकडे तोंड करून उभा. येताना नेहमीच्या मेडिकलमध्ये गेलो. अप्पाराव इतके महिने मला गोळ्या देताहेत. त्यांनी गिऱ्हाइकं थांबवून रिपोर्ट वाचला, दोन्ही हात जोडले, आणि फिकर करू नका म्हणून आईंना लिहा, असं बजावलं. तुम्ही त्यांच्याही आई झालात.

मोठी मात्रा तीन महिने झाल्यावरच बंद झाली. आता लोहाबरोबरची साधी गोळी आहे. आपल्या राणीचं लग्न मे महिन्यात ठरल्याचं कळलं. तेव्हा मला आठवा लागायला आलेला असेल, येता येणार नाही. धाकट्या नणंदेच्या लग्नाला मी नाही, याची चुटपुट राहील. माझ्या वाटची ओटी तुम्हीच भरा.

लोभ माझ्या वाटणीचा थोडा बाळासाठी राखून ठेवा.

तुमची,
तेजश्री


भालकी
२२ सप्टेंबर २०२४

चि. सौ. तेजश्रीस अनेक उत्तम आशीर्वाद. चिमुकलीला आजीचे पापे.

परवा घरी पोचले. दोन महिने तिथे राहिले पण तुझ्याशी निवांत बोलणं झालंच नाही. पोर झोपली की तू बोलायचीस, आणि मला ऐकू यायचं नाही. म्हणून आता लिहिते.

पोर पहिल्यांदा हातात दिली तेव्हा तुझी आई नाक बघत होती आणि ओमकार बोटं. मी तिला पालथी केली आणि मानेपासून खालपर्यंत पाठीवरून बोट फिरवलं. नर्सबाई माझ्यावर ओरडली म्हणे. मला बहिरेपणाचा एवढा उपयोग कधी झाला नव्हता. अशी पाठ आमच्या सगळ्या खानदानात कुणाची नसेल. खुशाल म्हण, म्हातारीला गर्व झालाय.

आता एक गोष्ट सांगते, इतके दिवस मुद्दाम सांगितली नाही. राणीच्या लग्नाआधी मी तिला इथल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तिला लहान मात्रा लिहून दिली. मग लग्नात तुझ्या वाटची ओटी भरली. नारळ, खण, तांदूळ, आणि वर गोळ्यांची स्ट्रिप. मांडवात कुजबुज झाली. जाऊबाई म्हणाल्या, बाळाच्या आधी बाळाचं औषध कुणी ओटीत घालतं का? मी सर्वांदेखत सांगितलं की आमच्या घरात घालतात, थोरल्या सुनेनं घालून दिलेली रीत आहे. तुझं नाव घेऊन सांगितलं. बहिऱ्या माणसाला आवाज बेताचा ठेवता येत नाही, तेव्हा ते बँडवाल्यांपर्यंत गेलं असणार.

पण राणी गोळ्या घेते की कपाटात ठेवून देते, हे कळल्याशिवाय तुझ्याकडे बढाई मारायची नाही, असं ठरवलं होतं. काल तिच्या सासरहून पत्र आलं. त्यातलंच तुला पाठवते आहे, जपून ठेव. माझ्या देवघरात आता जागा नाही.

लोभ कुठे जातो? तो या पाकिटातच आहे.

तुझी सासू,
चतुराबाई

सोबत: राणीची रिकामी स्ट्रिप.