नववी फळी

चोंगछिंग, २० जुलै १९८४

ती. मिंगफांगताईस,
पाओशानचा सा. न.

पूर चढताना लोणच्याच्या दुकानाच्या दाराच्या नऊही फळ्या काढून मीच बांधल्या होत्या. पाणी घरातून आरपार गेलं की भिंती वाचतात, एवढं लहानपणापासून माहीत. पण आई बांबूच्या ओल्या सालीने बांध म्हणत असताना मी नायलॉनची दोरी काढली. ती सुटली आणि नववी फळी, जिला अडसर लागतो तीच, वाहून गेली.

आता तिच्याशिवाय आई दुकान उघडणार नाही, असं तुझ्या पत्रात वाचलं. नवी फळी करू का? की लोखंडी शटर बसवू? नाहीतर लोणच्याचे माठ कुणाला देऊन टाका, आईला मी इकडे आणतो. रागावली असलीस तरी दोन ओळी लिही.

तुझा अपराधी,
पाओशान

चिंगशी घाट, ९ ऑक्टोबर

चि. पाओशान, अनेक आशीर्वाद.

शटरचं आईला वाचून दाखवलं. तुझ्या खोलीचं दार तरी तुला लावता येतं का, असं तिने विचारलंय. सुताराने केलेली फळी तिने परत पाठवली. शेवटी तुझ्याकडे यायला गाठोडं बांधलं, माठ शेजारी द्यायचे ठरले.

आणि परवा खालच्या अंगाच्या गावाहून ल्याओकाकू म्हणून एक विधवा होडीने आपली फळी घेऊन आली. फळी बोरूच्या बेटात अडकली होती म्हणे. फळीच्या मागे बाबांच्या कुंचल्याने दुकानाचं नाव आणि नऊचा आकडा. या नदीवर कुणी कुणाचं दार ठेवून घेत नाही, भाताच्या कापणीमुळे उशीर झाला, तोवर तिच्यावर कोबी चिरला तेवढं पोटात घाला, म्हणाली. आईने तिला दोन वेळा वाढलं, निघताना सर्वांत जुन्या माठातलं लोणचं दिलं.

फळी फुगलीय, चौकटीच्या खाचेत जाईना. सुताराने रंधा काढला तर आईने हात धरला. बाबांचं अक्षर आणि सुरीचे चरे, दोन्ही राहतील म्हणाली. खाचच रुंद करून घेतली. गाठोडं सोडलंय. पण फळी तू येऊन लावशील तेव्हाच दुकान उघडायचं, असा हुकूम आहे.

माया आहेच, दोरी आणू नकोस.
मिंगफांग

चोंगछिंग, १५ ऑक्टोबर

ती. ताई, सा. न.

शनिवारच्या बोटीने निघतो. आधी ल्याओकाकूंच्या गावी उतरेन, म्हणून पोचायला एक दिवस उशीर होईल. त्यांच्यासाठी चिंचेच्या लाकडाचा जाड ओंडका घेतलाय. आपली फळी परत दिल्यापासून त्या कोबी कशावर चिरत असतील?

बांबूच्या ओल्या सालीने बांधलाय. आईला सांग.

तुम्हा दोघींचा,
पाओशान