दहावा आठवडा

बुओना व्हिस्टा, सिंगापूर
शनिवार, १६ ऑगस्ट २०१४

प्रिय ताई,

पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. घाबरलेला मी आहे. तीन दिवस झाले, फोन वाजला की मी दचकतो. गार्गीच्या ते लक्षात आलं. लिफ्टमध्ये शेजारच्या बाईंना इथल्या इंग्रजीत सांगत होती, 'पप्पा स्केअर्ड ऑफ फोन, लाह.' त्या हसल्या. मीही हसलो.

माझं काम तुला कधी नीट सांगितलं नाही. माणसं यंत्र कशी वापरतात ते पाहायचं आणि यंत्राला त्यांच्याशी बोलतं करायचं, एवढंच. वर्षभर आम्ही आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या खेड्यांसाठी एक सेवा तयार करत होतो. गरोदर बाईची दवाखान्यात नोंद झाली की दर आठवड्याला तिला फोन जातो. फोन उचलला की तिच्या भाषेतला निरोप सुरू. काय खायचं, तपासणी कधी. नाव विचारायचं नाही, बटण दाबायचं नाही. ही सोय मी केली.

आमच्यात तिकडची एकटी थोको बांदा. वर्षभरासाठी आलेली, वयाने माझ्याहून मोठी, बोलायला तिखट. ती म्हणाली, माझ्या गावात फोन घराचा असतो, कधी तीन घरांचा. चार्जिंगला दुकानात पडलेला असतो. आणि सुरुवातीच्या महिन्यांत बाई दिवस गेल्याचं बोलत नाही. कुणाचा मत्सर असतो, कुणी वाईट चिंततं. ती एकाच वडीलधाऱ्या बाईला सांगते, जिला ती स्वतः निवडते. तेव्हा फोन त्या बाईला जाऊ दे. निरोप ती पोचवेल. चाळीस म्हाताऱ्यांबरोबर बसून थोकोने ही रचना केली होती. 'एक माणूस, एक फोन, एक पासवर्ड, हा तुमच्या गावचा रिवाज,' ती म्हणाली. 'तुम्ही त्याला नियम समजता.'

मी म्हणालो, ही अंधश्रद्धा आहे. आम्ही हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, जेवत होतो. शेजारच्या रिकाम्या टेबलावर कुणीतरी जागा धरायला टिश्यूचं पाकीट ठेवलं होतं. तिने तिकडे बोट केलं. 'चार माणसं ताट घेऊन उभी आहेत, आणि त्या पाकिटाला भिऊन कुणी बसत नाही. हे तुझं विज्ञान का, निशिकांत?' सगळे हसले. मला राग आला.

अण्णांना आठव. शेजारणीने आपल्या दाराला लिंबू-मिरची बांधली तेव्हा त्यांनी ती सोडली, लिंबाचं सरबत केलं आणि तिच्यादेखत आपल्याला पाजलं. मला वाटलं, मी तेच करतोय. थोको मेमध्ये परत गेली. जूनमध्ये मी अहवालातून तिच्या रचनेचं पान काढून टाकलं. कुणी विचारलं नाही. मला बरंसुद्धा वाटलं.

बुधवारी तिची मेल आली. एका गावात चाचणी चालू होती. एका बाईचा फोन दुकानात चार्जिंगला होता. दुकानदाराने तो उचलून स्पीकरवर लावला. पाच-सहा माणसं उभी होती. अभिनंदन, तुमचा दहावा आठवडा सुरू झाला. तिची आधीची दोन मुलं पोटातच गेली होती. आता हेही राहत नाही, असं म्हणत ती संध्याकाळी घरातून निघून गेली. माहेरी पोचलेली नाही. आमच्या यादीत तिचं नाव नाही, नंबर आहे. मेलच्या शेवटी एक ओळ होती. माझं पान कुठे गेलं?

हीच सेवा सोमवारी दुपारी चार हजार फोनवर सुरू होणार आहे. गुरुवारी आमचे साहेब, मिस्टर लिम, यांनी विचारलं, 'मंडे गो लाइव्ह, कॅन ऑर नॉट?' मी म्हणालो, 'कॅन.' मेल वाचून झाल्यावर म्हणालो, ताई. इथे राहण्याचा पास नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की महिन्याभरात निघायचं. गार्गीची शाळा, हा फ्लॅट, इथली डॉक्टर, सगळं डोळ्यांपुढे आलं.

आज सकाळी लिमना लिहिलं. पान मी काढलं, कुणी सांगितलं नव्हतं. पान सोबत जोडलं. सोमवारी सुरू करू नका, असं लिहिलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं. सोमवारी नऊला भेट. थोकोलाही लिहिलं. तिचं उत्तर नाही.

आता जे सांगायला बसलो ते. सुचित्राला दिवस गेले आहेत. दहावा आठवडा चालू आहे. मागच्या वेळी आईने पेढे वाटले होते, आणि मग मूल राहिलं नाही हे एकेकाला फोन करून सांगावं लागलं होतं. म्हणून या वेळी आम्ही गप्प राहिलो. ते पान काढलं तेव्हा आम्ही आधीच ठरवलं होतं की पुढच्या वेळी कुणाला सांगायचं नाही, आणि तरी माझा हात थांबला नाही. डॉक्टरने प्रवासाला मनाई केली आहे. फोन केला असता, पण तुझा फोन घरात प्रताप उचलतो आणि सगळ्यांना ऐकवतो. सुचित्राला विचारलं, एकालाच सांगायचं तर कुणाला? तिने तुझं नाव घेतलं. हे पत्र पोचेल तोवर सोमवार होऊन गेलेला असेल. आम्ही परत येतोय असं मी कळवलं असेल, तर आईला यातलं काही सांगू नकोस. कळवलं नसेल तरीही नको. सुचित्रा आतल्या खोलीत पडून आहे. त्या बाईचा अजून पत्ता नाही.

तुझाच,
निशी