पाव्हण्यांची गाडी

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. विषय एकच: गाडी. जुनी घ्यायची, पण तपासून. लोक नुसता रंग बघून घेतात आणि मग वर्षभर रडतात. मी यूट्यूबवर अकरा व्हिडिओ पाहिलेत.
कारण सासूबाई. अर्धांगवायूनंतर बार्शीला अंथरुणावर. दाक्षायणीला त्यांना कायमचं आपल्याकडे आणायचंय. मेहुणे अमरेश बेंगळुरूहून रजा काढून आलेत. त्यांची अट अशी: आईला आठवड्यातून तीनदा व्यायामाच्या दवाखान्यात न्यावं लागतं, तर सोलापुरात खात्रीची सोय पाहिजे. सोळा तारखेपर्यंत झाली नाही तर ते आईला बेंगळुरूला नेणार.
दाक्षायणी म्हणाली, महिन्याची रिक्षा लावू, अमरेशला तेवढंही चालेल. मी म्हणालो, सासूला रिक्षात कोंबणारा जावई मी नव्हे. ती उठून आत गेली. पटलं असावं.

६ नोव्हेंबर, गुरुवार
तपासणीची यादी पूर्ण. बेचाळीस मुद्दे. शिवाय लोहचुंबक आणलं: चिकटलं तर पत्रा, घसरलं तर आत पुट्टी. परवा गॅरेजवाला सिदू सोबत येणार. मला कोणी फसवू शकत नाही.
दाक्षायणीने पुढची खोली रिकामी करून आईसाठी पलंग लावला. घाई करते.

८ नोव्हेंबर, शनिवार, दुपारी
डीलरचं नाव मंजुनाथ. राखाडी गाडी, झकास. मी यादी काढणार तेवढ्यात त्यांनी आडनाव विचारलं, मग गाव, मग सासुरवाडी. बार्शी म्हणताच उठून उभे राहिले. "आवो, तुमी तर आमचे पाव्हणे निघालाव की." त्यांच्या आत्याची सून दाक्षायणीच्या मामांच्या घरातली. उपीट आलं, चहा आला.
सिदू बॉनेटकडे निघाला आणि मला घाम फुटला. पाव्हण्यांच्या दारात मेकॅनिक लावायचा म्हणजे मुलगी बघायला जाऊन तिचे दात मोजायचे. त्याला समोरच्या टपरीवर पाठवलं. "साहेब, पाच मिन्टं बगू द्या की," म्हणत होता. डोळ्यांनी दटावलं.
चुंबक मात्र मी स्वतः हळूच लावलं. दारावरून घसरलं. चुंबक कमजोर निघालं. इसार दिला. यादी खिशातच राहिली.

११ नोव्हेंबर, मंगळवार
गाडी दारात. नारळ फोडला. आत ओल्या मातीसारखा वास येतो. मंजुनाथ म्हणाले, सीट कव्हर नवं हाय, जाईल.
दाक्षायणीने तीनदा विचारलं, सिदूने नीट पाहिली ना? पाहिली म्हणालो. टपरीवरून त्याला दिसतच होती.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी सुरूच होईना. सिदूने खालची मॅट उचलली. बोटभर वाळलेला गाळ. म्हणाला, "पुराच्या पाण्यात बुडलेली हाय साहेब. वायरी सडल्यात. लांब न्हेऊ नका." टपरीवर बसवल्याचा राग काढतोय.
तरी मंजुनाथांकडे जाऊन आलो. "पाव्हण्यात दिल्यालं माघारी घेत न्हाईत." बरोबरच आहे. आज उपीट नव्हतं.
घरी काही बोललो नाही. दाक्षायणीने रिक्षावाल्याचा नंबर आणलाय. ठेवून दे म्हणालो.

१६ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ६.४०
सासूबाईंना आणायला बार्शीला निघालो. गाडी सहाव्या प्रयत्नात सुरू. शुभशकुन. दाक्षायणीने आईसाठी उशी घेतलीय. खूप दिवसांनी हसली.

तोच दिवस, ९.१५
वैरागच्या अलीकडे बंद. धूर. बॉनेट उघडून आत बघतोय. काही कळत नाही. दाक्षायणी उशी मांडीवर घेऊन दगडावर बसलीय.

तोच दिवस, ११
दाक्षायणीने फोन केला म्हणून अमरेश बार्शीहून कोणाची तरी गाडी घेऊन आले. मागे सासूबाई. मी म्हणालो, पाच मिनिटांत होईल सुरू. अमरेश आमच्या गाडीतल्या गाळाकडे बघत राहिले. म्हणाले, "दाजी, आईला अशा गाडीतनं दवाखान्यात न्हेणार व्हय?" आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.
दाक्षायणी आईच्या कुशीत तोंड घालून रडत होती. मग ती त्यांच्याच गाडीत बसली. आईबरोबर बेंगळुरूला जाते म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मला फार लाज वाटली.

२० नोव्हेंबर, गुरुवार
सिदूने गाडी ओढून दारात आणली. मंजुनाथ पाव्हण्यांचा फोन लागत नाही. घरात करमत नाही.
संध्याकाळी दाक्षायणीचा फोन. कधी येणार विचारलं. आई आहे तोवर इथंच, म्हणाली. मग फोन सासूबाईंना दिला. आता त्यांचं बोलणं अडखळतं. "जावईबापू, गाडी सुरू झाली व्हय?"
झाली, म्हणालो.
"मग मला न्हेयाला कवा येताव?"
 फोन कानाला धरूनच गाडीत जाऊन बसलो आणि किल्ली फिरवली.