पुष्करच्या खिशातली नळी

१५ नोव्हेंबर २०१४, झिंडेलफिंगेन, जर्मनी

बटण आज पुन्हा अडकलं. पुष्करने नळी सिंकच्या कडेवर आपटली तेव्हा कुठे सुटलं. "थंड झाली की नीट चालते," म्हणे. गेनाऊ, अगदी बरोबर. थंड झाल्यावर माझं डोकंही नीट चालतं.

ही पितळेची ई-सिगारेट त्याने उन्हाळ्यात आणली. आत बॅटरी, वर तापणारी तार आणि आंब्याच्या वासाचं द्रव, खाली बटण. बटणाला स्प्रिंग नाही. दोन चुंबकं एकमेकांना ढकलतात, म्हणून बोट काढलं की बटण मागे येतं. पण चुंबक तापलं की जोर ओसरतो, बटण दाबलेलंच राहतं आणि नळी आणखी तापते. आत फ्यूज वगैरे काही नाही. आणि हा माणूस दिवसभर गाड्यांच्या वायरिंगची सेफ्टी तपासतो!

फेकून दे म्हणवत नाही. कॉलेजपासूनची सिगारेट हिच्यामुळेच सुटली.

१८ नोव्हेंबर

सासरे आले. नाना हिवाळाभर इथेच.

पुष्करने त्यांच्यासमोर कधी सिगारेट ओढलेली नाही, आता ही नळीही नाही. त्यांची चाहूल लागली की थेट पँटच्या खिशात. खालची कडी फिरवून बटण लॉक करायचं असतं, पण तेवढा धीर कुठला! "नानांना सांगून टाक," म्हटलं, तर "वडिलांना? वेड लागलंय का तुला?"

२० नोव्हेंबर

नाना विचारत होते, "तुमच्याकडे नोव्हेंबरात आंबे मिळतात का गं? याच्या शर्टाला वास येतो."

"हँडवॉश आहे, नाना." दिलं ठोकून.

२३ नोव्हेंबर, रविवार

पुष्कर बाल्कनीत होता. पानं घेतली म्हणून नानांनीच हाक मारली. हा घाईत आत आला आणि टेबलाशी बसला. नाना दिनकरकाकांच्या नव्या फ्लॅटबद्दल सांगत होते. मी आमटी वाढताना बघते तर याच्या कपाळावर घाम. उठायला लागला, तर नाना म्हणाले, "बस रे, भरल्या ताटावरून उठू नये." आणि हा बसला! मांडी भाजतेय आणि माणूस आमटी-भात कालवतोय.

मग कापड करपल्याचा वास आला. मला दुसरं काही सुचलं नाही. ताकाचं अख्खं भांडं त्याच्या मांडीवर ओतलं. "अगं बाई, हात निसटला," मी म्हणाले. तो बाथरूमकडे पळाला.

टॉवेलात धरून नळी बाल्कनीच्या फरशीवर टाकली त्याने. बटण आत रुतलेलं. मांडीवर तळहाताएवढा लाल डाग. बॅटरी फुटली असती तर? मला रडू आलं, रागही तेवढाच आला.

"स्प्रिंगवाली घेतो. नानांना मात्र सांगू नकोस."

"स्प्रिंग काय करणार? तू ती खिशातच कोंबणार ना? मी दर वेळी ताक सांडायला नसेन."

नाही सांगणार मी. पण उद्या ती खिशात फुटली म्हणून ऑफिसातून फोन आला तर काय करू, हे त्याने मला सांगावं.

२४ नोव्हेंबर

पुष्कर कामावर गेल्यावर नाना चहा घेत बसले होते. म्हणाले, "त्याने मांडीला मलम लावलं का?"

"हो, लावलं," मी कपबशी विसळत म्हणाले.

दुपारी भाजी निवडताना लक्षात आलं. ताक तर फ्रीजमधलं होतं, मग मलम कशाला?

२९ नोव्हेंबर

नवी नळी आली, स्प्रिंगची. पुष्कर बाल्कनीत होता. नाना दाराशी जाऊन मोठ्यांदा खोकले आणि थांबले. नळीची कडी फिरल्याचा आवाज आला. तरीही ते बाल्कनीत गेले नाहीत. दाराकडे पाठ करून म्हणाले, "खिशात नको घालूस, बाळा. कुंडीजवळ ठेव. मी तिकडे बघत नाही."