कॅरव्हॅनच्या सुधारणेबाबत मालकाच्या सूचना

३ जून १९३६, नंदुरबार. पहाटे साडेपाच.

नवी वही सुरू केली. यात फक्त कॅरव्हॅनविषयी लिहायचं, बाकी फापटपसारा नाही. रोज एक सूचना. दिवाळीपर्यंत दीडशे होतील. मग त्या छापूनही काढता येतील.

आधी गाडीची माहिती. नवापूरकडचे एक पाद्री मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या सामानाच्या लिलावात घेतली. चार चाकं, दोन बैल, वर पत्र्याचं छत. आत दोन बाक, घडीचं टेबल, मागे दार आणि पायऱ्या. दारावर पितळी पट्टी आहे: गिरधर खुशाल अँड सन्स, कोच बिल्डर्स, सुरत. जिल्ह्यात अशी दुसरी नाही. मी व्हॅक्सिनेटर. हिवाळाभर गावोगाव देवी टोचत फिरायचं, तेव्हा चाकांवरचं घर सोयीचं. लोक मला डॉक्टर म्हणतात. मी दुरुस्त करत नाही. वेळ जातो.

आमची ही, म्हणजे बायको, आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी गेली, खांडबाऱ्याला भावाकडे. ती अजून आलेली नाही. कारण उघड आहे. माघात आमची मुलगी फुलवंता, आमची फुला, तापानं गेली, तोरणमाळच्या पायथ्याशी, याच गाडीत. साडेचार वर्षांची होती. तेव्हापासून हिनं गाडीचा धसका घेतला आहे. गाडी सुधारली की धसका जाईल आणि ही घरी येईल.

(वर साडेपाच लिहिलं आहे ते अंदाजे. ऊन बरंच वर आलं होतं. घड्याळ मागे पडतं.)

५ जून.

कंपनीला पत्र टाकलं. वाया गेलेले दोन दिवसही भरून काढले.

सूचना १. बाक पंधरा इंच रुंद आहे. आई आणि मूल शेजारी झोपू शकत नाहीत. आईला रात्रभर बसून मूल मांडीवर घ्यावं लागतं. बाक तीस इंच हवा.

सूचना २. छताला आतून अस्तर नाही. दुपारी पत्रा असा तापतो की आतल्या माणसाचं अंग मुळात किती तापलं आहे ते कळत नाही.

सूचना ३. पाण्याच्या टाकीचा नळ बाहेर आहे. आत कुणाला घोटभर पाणी हवं असेल तर गाडी थांबवावी लागते.

शेजारच्या नानीबाईंना तिन्ही सूचना वाचून दाखवल्या. त्या पदरानं डोळे पुसत घरात गेल्या. चूल धुरावली असावी.

११ जून.

खांडबाऱ्याहून पत्र आलं. हिला लिहिता येत नाही, म्हणून मेहुण्यानं, धनसिंगनं लिहिलं आहे. चार ओळी शाळेतल्या मराठीत: इकडील सर्व क्षेम, पाऊस नाही, वगैरे. शेवटची ओळ मात्र हिनं सांगितली तशीच उतरवली आहे. "पोरले जठे ठेवं, ती जागा माले एकदाव दखाडा. मंग मी घर येसू."

लहान मुलाला पुरतात आणि बायका मागे राहतात. हिला पायथ्याच्या पाड्यावर तिथल्या बायकांनी धरून ठेवलं होतं. फुलाला घेऊन गाडीतून मी आणि गाडीवान जेठ्या पुढे गेलो. त्यामुळे हिला जागा माहीत नाही. ती दाखवा, हे हिचं म्हणणं तसं रास्त आहे.

पण मुद्दा असा की, ज्या अर्थी ही तोरणमाळला जाऊ म्हणते, त्या अर्थी ही प्रवासाला तयार आहे. म्हणजे प्रश्न फक्त गाडीचा उरला. उलटटपाली कळवलं: काम हाती घेतलं आहे, पूर्ण होताच निघू. सोबत सूचना १ ते ७ ची नक्कल जोडली. वाचून हिला हुरूप येईल.

४ जुलै.

कंपनीचं उत्तर! टाइप केलेलं, इंग्रजीत. हेडमास्तरांकडून अर्थ लावून घेतला. कंपनी आता लोखंडी कपाटं आणि ट्रंका बनवते. गाड्या बांधणारे कारागीर वारले. माझ्या गाडीसारखी त्यांनी एकच बांधली होती, आणि ती अजून चालते हे वाचून त्यांना नवल वाटलं. सूचनांबद्दल आभारी आहेत.

आभारी! सूचना कुचकामी असत्या तर एवढ्या मोठ्या फर्मनं टाइपरायटरला हात लावला असता का? हेडमास्तर म्हणाले, यांना पुन्हा लिहू नका. हेडमास्तरांना व्यवहारातलं काही कळत नाही. सूचना ८ ते १४ आजच्याच टपालानं पाठवल्या.

२१ जुलै.

सतरा दिवस खाडा. कारण पाऊस.

दुपारी बाकावर आडवा पडून गळती तपासली. तीन ठिकाणी गळते. बाकाखाली एक काचेची हिरवी बांगडी सापडली, तीन बोटं जेमतेम जातील एवढी. तशीच ठेवली. गळतीचं काम पाऊस संपल्यावर बघू. आज काही सुचत नाही.

९ ऑगस्ट.

धनसिंग सकाळच्या गाडीनं आला. चहा घेतला. मग म्हणाला, "पाव्हना, ही गाडी ऱ्हाऊ द्या. रेलगाडीनी या, दीड तासनी तर वाट शे. ती तुमले काहीच बोलाव नही. फक्त संगे लई जा आनि जागा दखाडी द्या."

रेल्वेनं जाण्यात अर्थ नाही हे मी त्याला समजावून सांगितलं. रेल्वेत माणूस नुसता पोचतो. हिच्या मनातला धसका जायला हवा असेल तर हिनं याच गाडीत बसायला हवं, आणि गाडी आतून बदललेली दिसायला हवी. शिवाय रुसून बसलेल्या बायकोला आणायला नवऱ्यानं स्वतः जाऊन उभं राहायचं, हे आमच्यात बसत नाही. कुणी तरी न्यायला पाठवायचं असतं. मी सुधारलेली गाडी घेऊन गेलो तर ती गोष्ट वेगळी.

त्याला नवा बाक दाखवला. सागाचा, तीस इंची. तो त्यावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, माझी गाडी चुकेल. लाकडाची पारख आहे त्याला.

१३ सप्टेंबर.

सूचना २७, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. आतल्या माणसाचा आवाज पुढे गाडीवानाजवळ बसलेल्याला ऐकू येत नाही. मध्ये फळ्यांची भिंत आहे. तीत झरोका हवा.

त्या दिवशी मी पुढे जेठ्याजवळ बसलो होतो, ही फुलाला घेऊन आत. हिचं म्हणणं, मी तीनदा हाक मारली की गाडी फिरवा, शहाद्याला दवाखान्यात चला. मला एकही हाक ऐकू आली नाही. आम्ही पाड्यावर पोचलो, मी टोचण्याचं काम उरकलं, आणि परत आलो तेव्हा फुला गेली होती. सगळा बांधणीचा दोष. हे मी कंपनीला स्पष्ट शब्दांत लिहिणार आहे.

सुताराकडून वीतभर झरोका पाडून घेतला, झडपेसकट. मग चाचणी. मी आत, जेठ्या पुढे. झडप बंद करून हाक मारली, उघडून मारली. फरक किती पडतो, विचारलं. जेठ्या एरवी दिवसाला चार शब्द बोलतो. तो बैलांकडे बघत म्हणाला, "साहेब, त्या दिनले बी ऐकू येत व्हतं. बाई म्हने, गाडी फिरवा. मी बैल उभा कयात. तुम्ही म्हनात, चाल, लोके वाट दखी ऱ्हायनात."

जेठ्याचं वय झालं आहे. त्याला एका दौऱ्याचं दुसऱ्या दौऱ्यात आठवतं. शिवाय वारा कुठून होता, हेही बघावं लागतं.

झरोका झाला तो चांगलाच झाला. झडप मात्र सध्या खिळा मारून बंद ठेवली आहे. धूळ येते.

१४ सप्टेंबर. आज सूचना नाही.

१५ सप्टेंबर. नाही.

१६ सप्टेंबर. वाऱ्याचं लिहिलं ते तसंच ठेवतो. पण वारा नव्हता.

११ ऑक्टोबर.

गाडी तयार! अस्तर, बाक, नळ आत, पायऱ्यांना कठडा, खिडकीला निळा पडदा. हिला निळा आवडतो. की तो फुलाला आवडत होता? दोघींना आवडत असणार.

सूचना एकूण एकतीस. दीडशेचा आग्रह सोडला. संख्येपेक्षा दर्जा बघावा.

पाच दिवसांची रजा काढली आहे. उद्या पहाटे खांडबाऱ्याला निघायचं, दोन मुक्काम लागतील. हिला दारात गाडी दाखवायची, बसवायची आणि तिथून पुढे तोरणमाळचं काय ते ठरवायचं. गावात कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला आणायला निघालो म्हटलं की नसते सल्ले सुरू होतात. घराची किल्ली नानीबाईंकडे दिली आणि सांगितलं, तोरणमाळकडे दौऱ्यावर जातो आहे, कुणी विचारलं तर तेवढंच सांगा. त्यांनी दोनदा घोकून दाखवलं.

१४ ऑक्टोबर, खांडबारा.

दुपारी पोचलो. दारात धनसिंगची बायको, रुखमाबाई. मी गाडीतून उतरायच्या आतच तिनं कपाळावर हात मारला. ही आणि धनसिंग आजच सकाळच्या रेल्वेनं नंदुरबारला गेले! रुखमाबाई म्हणाली, "वाट दखी दखी थकनी बिचारी. म्हने, ते येतस नही ते मीच जास."

स्वतःहून निघाली! सूचनांच्या नकला वाचून घेतल्याचा परिणाम, दुसरं काय.

रुखमाबाई म्हणाली, चारची गाडी मिळेल, तुम्ही लगेच निघा, जेठ्या बैल घेऊन मागून येईल. तिनं स्वतः माझी पिशवी उचलून स्टेशनाकडे चालायलाही सुरुवात केली. मी थांबवलं. पाच महिने ज्यासाठी घालवले ती गाडी मागे टाकून रिकाम्या हातानं घरी जाऊ? ही ओट्यावर उभी आहे आणि समोरून निळ्या पडद्याची गाडी वळून येते आहे, हे मी किती वेळा डोळ्यांसमोर आणलं आहे. चारची गाडी शिट्टी देऊन गेली तेव्हा आम्ही बैलांना पाणी पाजत होतो.

१६ ऑक्टोबर, नंदुरबार. सायंकाळ.

घराला कुलूप.

नानीबाईंनी सांगितलं ते जसंच्या तसं. दोघं परवा आले. हिनं विचारलं, हे कुठे आहेत? नानीबाईंनी मी सांगितलं होतं तेवढंच सांगितलं: गाडी घेऊन तोरणमाळकडे गेले. ही ओट्यावर बसली. पाणी दिलं ते हातातच राहिलं. मग म्हणाली, "म्हनजे मन्हाशिवाय गयात. चाल भाऊ, तठेच गाठूत त्यासले." रात्र घरात काढली, सकाळी झाडून काढून किल्ली परत दिली आणि दोघं सर्व्हिस मोटारनं शहाद्याकडे गेले. मला शोधायला.

जेठ्या जू हातात धरून ऐकत होता. म्हणाला, त्यांना जागा कुणी दाखवणार नाही, ती दोघंच रानात फिरतील. उद्याच्या मोटारनं आपण जाऊ. मी म्हणालो, रजा आज संपली. म्हणालो, सोमवारी टोचणीच्या हंगामाची मीटिंग आहे. म्हणालो, तू जा, तुला रस्ता चांगला माहीत आहे.

तो जू खाली ठेवून गेला.

१७ ऑक्टोबर.

बैलांना वैरण घातली. ऑफिसात चौकशी केली. रजा अजून सात दिवस मिळाली असती.

२२ ऑक्टोबर.

जेठ्या आज परत आला. पायथ्याच्या पाड्यावर त्याला दोघं सापडले. दोन दिवस ही प्रत्येक झाडाखाली जाऊन बघत होती आणि भेटेल त्याला विचारत होती. जेठ्यानं तिला मोहाच्या झाडापाशी नेलं. जनावरांनी उकरू नये म्हणून त्यानं तेव्हा दगड रचले होते. ते तसेच होते. हिनं एकेक दगड उचलून लुगड्याच्या पदरानं पुसला आणि परत जागच्या जागी ठेवला. दुपार कलेपर्यंत तिथेच बसली. धनसिंग लांब उभा राहून रडत होता.

मग तिनं जेठ्याला विचारलं, "साहेबनी माती दिधी व्हती ना?"

जेठ्या म्हणाला, हो. पहिली मूठ साहेबांनीच टाकली. तिनं विचारलं, कुठे उभे होते? जेठ्यानं एक जागा दाखवली. तिनं तिथली माती उचलून कपाळाला लावली आणि म्हणाली, "बरं झायं. माले वाटे, ते पोरले ईसरी गयात."

शहाद्याहून ती भावासोबत खांडबाऱ्याला गेली. निरोप दिला आहे: दिवाळी झाली की घरी येते.

जेठ्यानं हे सगळं बैलांच्या पाठी चोळता चोळता सांगितलं. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

फुलाला पुरलं तेव्हा मी गाडीतून उतरलोच नव्हतो. ती जागा मी पाहिलेली नाही. जेठ्यानं फुलाला माझ्या शेजारून उचलून नेलं, आणि मी घडीच्या टेबलावर रजिस्टर उघडून त्या दिवशी टोचलेल्यांची नावं भरायला बसलो. बाहेर कुदळ चालल्याचं ऐकू येत होतं. चौतीस नावं होती. ती भरून झाली तरी कुदळ थांबली नव्हती, म्हणून मी पुन्हा पहिल्या नावापासून तपासायला घेतली.